बेअरिंग बदललं तरी पंखा परत घरघरतोय? दुरुस्ती नेमकी कुठे चुकते

होळी झाली की पुण्यात घरोघरी पंखे पुन्हा सुरू होतात, आणि थंडीभर बंद असलेला जुना पंखा पहिल्याच रात्री झोप उडवतो. मिस्त्री येतो, बेअरिंग बदलतो. पंधरा दिवस शांतता. मग तीच घरघर. पुढच्या मार्चला पुन्हा तेच, आणि शेवटी 'म्हातारा झाला' म्हणत पंखा भंगारवाल्याच्या गाडीवर जातो. वाईट वाटतं, कारण अशा पंख्यांपैकी कितीतरींचं वायंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, अगदी चांगलं असतं. आवाज परत येतो त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच: एक तर तो मुळात बेअरिंगचा नव्हता, किंवा बेअरिंगचाच होता पण नवं बेअरिंग बसवतानाच त्याची वाट लागली.

इथलं सगळं ४८ इंची म्हणजे १२०० मिमीच्या साध्या छताच्या पंख्याबद्दल आहे, रेग्युलेटरवर चालणाऱ्या. रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यात बेअरिंगचं काम असंच असतं, पण आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. त्याला हात लावू नका.

शिडी काढण्याआधी आवाज ओळखा

पंखा फुल स्पीडवर चालू द्या आणि बटण बंद करा. पाती फिरत असतानाच, बटण पडल्याच्या क्षणी आवाज थांबला तर तो विजेचा. पाती थांबेपर्यंत आवाज येतच राहिला तर तो यांत्रिक. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि निम्मी चुकीची दुरुस्ती इथेच वाचते.

विजेचा आवाज म्हणजे एकसुरी 'गुंऽऽ'. रेग्युलेटर पाचावर नेला की गुणगुण जाते आणि दोन-तीनवर आणला की येते, असं असेल तर पंखा निर्दोष आहे. गोल, सलग फिरणाऱ्या नॉबचे रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापून वेग कमी करतात. त्या कापलेल्या लाटेमुळे मोटरच्या आतले पत्रे थरथरतात. 'टक-टक' करत पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा, आत कंडेन्सर असलेला स्टेप रेग्युलेटर लावा, गुणगुण जाईल. पाचावरसुद्धा गुणगुणत असेल आणि पंखा नेहमीपेक्षा हळू फिरत असेल, किंवा सुरू व्हायला हाताने ढकलावा लागत असेल, तर आधी कंडेन्सर बघा. बहुतेक पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो, काहींत २.२५ किंवा ३.१५. कपॅसिटी मोजणाऱ्या मल्टिमीटरवर छापील आकड्यापेक्षा दहा टक्के कमी दिसला तर बदला. जोरात फिरावा म्हणून मोठा कंडेन्सर मात्र घालू नका. वायंडिंग गरम होतं आणि गुणगुण उलट वाढते.

यांत्रिक आवाजासाठी रेग्युलेटर एकवर आणा. फुल स्पीडला पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. त्या वेगात काही मोजता येत नाही. एकवर मात्र एका पात्यावर नजर ठेवून ऐकता येतं.

फेऱ्याला एकदाच 'टक' होत असेल तर कुठेतरी काही सैल आहे: पात्याचा स्क्रू, दांड्याचा बोल्ट किंवा वाटी (दांड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असणारं कपासारखं झाकण). 'सर्र-सर्र' घासल्यासारखं येत असेल तर खालची वाटी घसरून फिरणाऱ्या मोटरवर टेकलेली असते. हे फार वेळा घडतं. वाटीचा एक स्क्रू सैल करून ती सात-आठ मिमी वर सरकवली की काम झालं, तरीही यासाठी बेअरिंगचे पैसे घेतले जातात. पंखा झुलतोय आणि वरून 'कुईंकुईं' येतेय, तर हुकावरचा रबरी बुश सुकून गेला आहे आणि लोखंड लोखंडावर घासतंय. कसबा, शनिवार, सदाशिव पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत हुक लाकडी तुळईत फिरवून बसवलेला असतो. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की त्याची पकड सैल होते. तिथे पंखा खोलण्याआधी हुकच हलतोय का ते बघा, कारण तो आवाजापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

राहिली ती खरी घरघर: खरखरीत, सलग, वेग वाढला की चढणारी. वीज बंद करून लाकडी पळीचा दांडा किंवा लांब स्क्रूड्रायव्हर एका टोकाने पंख्याच्या दांड्याला टेकवा, दुसरं टोक कानामागच्या हाडाला, आणि पाती हाताने हळू फिरवा. चांगलं बेअरिंग जवळपास मुकं असतं. खराब बेअरिंग वाळू दळल्यासारखं ऐकू येतं. मग मोटर दोन्ही हातांनी आडवी हलवून बघा. खुळखुळत असेल तर फार थांबू नका. फिरणारं कवच आणि आतला स्थिर गाभा यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. बेअरिंग फार झिजलं की दोन्ही एकमेकांवर घासतात, आणि मग वायंडिंग जायला वेळ लागत नाही.

तेल सोडण्याबद्दल

वरच्या वाटीतून शिलाई मशिनचं तेल, नाहीतर खोबरेल, सोडायची पद्धत घरोघरी आहे. आवाज लगेच जातो म्हणूनच ती टिकून आहे. पातळ तेल बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि उष्णतेने स्वतःही ओघळून जातं. मागे राहतं ते कोरडं बेअरिंग आणि तेलावर चिकटलेली धूळ. पंधरा दिवसांनी आवाज परत येतो तो आधीपेक्षा मोठा. शिवाय तेल वायंडिंगवर पडलं की त्यावर धुळीचा थर धरतो, तो वेगळाच. तेल सोडू नका, कोणालाही सोडू देऊ नका.

खाली उतरवणं

भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर असतं आणि बंद असतानाही पंख्यात फेज हजर असतो. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडल्यावर तो त्याच पंख्याला वीज देऊ लागतो. मग वरची वाटी सरकवून दोन्ही टोकांना टेस्टर लावा. कंडेन्सरची दोन टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकदा जोडून मोकळी करा.

आधी पाती काढा. प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर खडूने एक, दोन, तीन लिहा. पाती वजनाने जोडी लावून आलेली असतात आणि बसलेल्या जागेशी त्यांचं जमलेलं असतं. स्क्रू आणि वॉशर एकाच डबीत. हरवलेल्या स्क्रूऐवजी लांब स्क्रू लावू नका. काही पंख्यांत त्याचं टोक आत पोचून घासतं, आणि तो आवाज शोधताना माणूस वेडा होतो.

आता दुसऱ्या माणसाने मोटर खालून धरायची. स्टुलावर उभं राहून एकट्याने हे करू नका. साधा पंखा चार-पाच किलोचा असतो, जुना ओतीव लोखंडाचा बराच जड. वायरी सोडवताना कुठली कुठे होती याचा फोटो काढा. स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट-बोल्ट काढा, पंखा खाली घ्या. ती पिन परत वापरायची नाही. एकदा सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वाकवताना तुटते.

उघडताना

पंखा खाली ठेवायला जुनी सतरंजी पुरते. दांड्याला बोल्टशिवाय एक छोटा दाबस्क्रू असतो, तो विसरला की दांडा निघत नाही आणि लोक हातोडा घेतात. दांडा निघाला की वरच्या आणि खालच्या झाकणावर मार्करने एक सरळ उभी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना तीच जुळणी साधेल. झाकणाचे स्क्रू गंजलेले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. डोकं झिजवलेला स्क्रू ड्रिलने काढायला दुप्पट वेळ लागतो.

झाकण फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. आत तांब्याची बारीक तार आहे. टोक एकदा लागलं की वरचं इनॅमल खरवडलं जातं आणि पंखा जळतो तो तीन महिन्यांनी, तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. लाकडी ठोकळ्याने कडेकडेने हलके ठोके द्या. गाभा बाहेर आला की त्याला शाफ्टने धरा, वायंडिंगवर टेकवून ठेवू नका.

आणि इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून शोधा. झाकणाच्या खाचेत, बेअरिंगच्या मागे, एक पातळ, लाटेसारखा वाकलेला वॉशर असतो. सगळ्या पंख्यांत नसतो, पण असेल तर बेअरिंगला सतत हलकासा दाब देऊन ते खुळखुळू न देणं हे त्याचं काम. तो जुन्या ग्रीसमध्ये चिकटून असतो आणि पुसताना चिंधीबरोबर फेकला जातो. उत्तम नवं बेअरिंग घालूनही पंखा घरघरतो त्याचं हे एक नेहमीचं कारण. आधीच्या मिस्त्रीने तो टाकून दिला असेल तर खाच रिकामी आणि खोल दिसेल. तेवढ्याच व्यासाचा नवा वॉशर बेअरिंगच्या दुकानात मिळतो.

नवं बेअरिंग घेताना

जुनं पुसून त्यावरचा नंबर वाचा, अंदाजाने घेऊ नका. बहुतेक पंख्यांत ६२०२ असतं: आतला व्यास १५, बाहेरचा ३५, जाडी ११ मिमी. काहींत वर आणि खाली वेगवेगळे नंबर असतात. मग ६२०१ (१२, ३२, १०) किंवा ६२०३ (१७, ४०, १२) निघतं. नंबरानंतरची अक्षरंही महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबरी सील. स्वयंपाकघरात, किंवा जवळ बांधकाम चालू असलेल्या घरात, रबरी सीलवालं घ्या, बारीक धूळ कमी शिरते. सी३ लिहिलेलं बेअरिंग आतून थोडं ढिलं असतं. जुन्यावर सी३ नसेल तर ते घेऊ नका.

दोन्ही बेअरिंग एकत्र बदला. एकच बदललं तर दुसऱ्यासाठी सहा महिन्यांत पुन्हा शिडी काढावी लागते.

कंडेन्सर, रेग्युलेटर, रबरी बुश, स्प्लिट पिना हे सगळं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एका फेरीत होतं. बेअरिंग मात्र पंख्याच्या सुट्या भागांच्या पाकिटातलं घेऊ नका, बेअरिंगच्याच दुकानातून घ्या. ६२०२ काही दुचाकींच्या चाकांतही लागतं, त्यामुळे नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतही ते मिळतं. एसकेएफचा कारखाना तर आपल्या चिंचवडलाच आहे, आणि जयपूरचं एनबीसीही चांगलं. नकली माल भरपूर फिरतो. कड्यावरचा नंबर पुसट किंवा वाकडा असेल, खोका उघडा असेल, किंवा बोटावर फिरवताना किंचितही खरखर लागली तर परत करा. बेअरिंग ओढून काढायचा पुलर नसेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तीन पायांचा छोटा पुलर मिळतो.

बसवणं: सगळी चूक इथे होते

बेअरिंगला दोन कडी असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि मध्ये गोळ्या. शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यायचा. झाकणात बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर. उलटं केलं तर हातोडीचा प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि कड्याच्या आरशासारख्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. बेअरिंग हाताने फिरवलं तर ठीक वाटतं. पण पुढे गोळी त्या खळग्यातून जाताना दर वेळी ठोका खाते, खळगा मोठा होतो, आणि दोन आठवड्यांनी घरघर परत. 'हल्लीचा मालच खराब' असं म्हटलं जातं ते निम्म्याहून जास्त वेळा या हातोडीमुळे.

उपाय अगदी स्वस्त आहे. अर्धा इंची जीआय पाइपचा वीतभर तुकडा घ्या आणि दोन्ही टोकं कानशीने सपाट करा. त्याचा आतला व्यास साधारण १६ आणि बाहेरचा २१ मिमी असतो, म्हणजे ६२०२ च्या आतल्या कड्यावर तो बरोबर बसतो आणि पत्र्याच्या झाकणाला लागत नाही. ६२०१ ला हा पाइप चालणार नाही, तो सीलवर टेकतो. त्याला १२ मिमी शाफ्टवरून जेमतेम जाईल असा बारीक, जाड भिंतीचा पाइप शोधा. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने पुसून एक थेंब तेल लावा, बेअरिंग सरळ ठेवा आणि पाइपवर हलके हलके ठोके द्या. ठोक्याचा आवाज बदलून घट्ट झाला की बेअरिंग तळाला टेकलं.

वरच्या बेअरिंगमधून वायरी जातात, कारण शाफ्ट पोकळ असतो आणि वायरी त्यातूनच बाहेर येतात. म्हणून काढताना पुलरचं टोक पोकळीच्या तोंडावर एक जाड वॉशर ठेवूनच दाबा आणि वायर बाजूला धरा. चढवताना वायरी आधी बेअरिंगमधून आणि पाइपमधून ओवून घ्या.

झाकणात बसवण्यासाठी ठोकायची गरजच नसते. झाकण बहुतेक पंख्यांत अॅल्युमिनियमचं असतं. हेअर ड्रायरने पाच-सात मिनिटं तापवा, किंवा मे महिन्यात दुपारी गच्चीवर ठेवून द्या. ते फुगतं आणि बेअरिंग बोटाच्या दाबाने आत जातं. तरी अडलंच तर वर जुनं बेअरिंग ठेवून त्याच्या बाहेरच्या कड्यावरच ठोका. दोघांचा बाहेरचा व्यास एकच असल्याने दाब नव्याच्याही बाहेरच्या कड्यावरच पडतो.

आता उलटी अडचण. थंड झाकणातही नवं बेअरिंग अलगद पडत असेल, आणि जुन्याच्या बाहेरच्या कड्यावर चकाकी आणि काळी पूड दिसत असेल, तर बेअरिंगची बैठक झिजली आहे. बाहेरचं कडंच झाकणात फिरत होतं. अशा पंख्यात कितीही बेअरिंग घाला, आवाज येणारच. मिस्त्री बैठकीत पंचने टिंब मारून कडा उचलतात. त्याने पकड येते, पण ती टिंबांच्या टोकांवरच, आणि काही महिन्यांत टोकं दबतात. बेअरिंग पक्कं करण्याचं हिरवं अॅनेरोबिक, म्हणजे हवा न लागता घट्ट होणारं, द्रव मिळतं, ते वापरा. बैठक आणि कडं पेट्रोल न वापरता थिनरने पूर्ण तेलमुक्त करा, बैठकीत पातळ थर लावा, बेअरिंग बसवा आणि एक दिवस हलवू नका. द्रव बेअरिंगच्या आत जाता कामा नये. झीज हाताला खड्ड्यासारखी लागत असेल तर झाकणच बदला.

सीलबंद बेअरिंगमध्ये आणखी ग्रीस भरू नका. फार जुन्या पंख्यात उघडी बेअरिंग असतात. तिथे लिथियम ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पुरे. ठासून भरलं तर ते घुसळून गरम होतं आणि ओघळतं.

जोडणी आणि चाचणी

झाकणं रेघ जुळवून बसवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. प्रत्येक दोन आट्यांनंतर शाफ्ट हाताने फिरवून बघा. एखादा स्क्रू आवळल्यावर फिरणं जड झालं तर झाकण तिरपं बसलं आहे, सैल करून पुन्हा.

वर चढवण्याआधी मल्टिमीटर लावा. कुठल्याही वायरीपासून पंख्याच्या उघड्या धातूपर्यंत रीडिंग येता कामा नये. आलं तर पंखा लावू नका. तीन वायरींमध्ये दोन-दोनच्या जोड्या मोजा. दोन छोट्या आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी आली पाहिजे. नाहीतर वायंडिंगमध्ये गडबड आहे.

चढवताना रबरी बुश नवा, स्प्लिट पिन नवी आणि तिचे दोन्ही पाय वाकवलेले. अर्थिंगची वायर जोडायला विसरू नका. आधी पातीशिवाय पाच मिनिटं चालवा. आवाज नसेल तर पाती ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून नंबरानुसार लावा. धुळीचं वजनही झुलायला पुरतं.

तरी झुलत असेल तर छतापासून पात्याच्या टोकापर्यंत काठी धरून खूण करा आणि प्रत्येक पातं त्याच जागी फिरवून आणत मोजा. पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पात्याचा खांदा हाताने हळू वाकवून सारखा करा. फरक नसूनही झुलत असेल तर एक रुपयाचं नाणं पात्याच्या वरच्या बाजूला मधोमध टेपने चिकटवून तिन्ही पात्यांवर आळीपाळीने बघा. ज्यावर झुलणं कमी होतं, त्यावरच नाणं टोकाकडे किंवा आतल्या बाजूला सरकवत जागा शोधा.

वायंडिंग जळल्याचा वास, किंवा दांड्याच्या भोकांचा आकार लांबट झालेला दिसला तर मात्र पंखा सोडून द्या. नाहीतर दोन बेअरिंग, कंडेन्सर, बुश असा सगळा खर्च नव्या पंख्याच्या पाव किमतीच्या आत बसतो. फक्त एक हिशेब आधी करा. जुना पंखा ७५ वॅट घेत असेल आणि नवा बीएलडीसी ३०, तर रोज दहा तासांना महिन्याला साडेतेरा युनिटचा फरक पडतो. दिवसभर चालणाऱ्या हॉलच्या पंख्याला हा हिशेब लागू होतो. पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याला नाही, तो दुरुस्तच करा.

आठवड्याभराने पात्यांचे स्क्रू एकदा पुन्हा आवळा, नवे वॉशर बसताना थोडे सैल होतात. आणि वरच्या वाटीच्या आत कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर बेअरिंगचे दोन्ही नंबर, कंडेन्सरचा आकडा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी पंखा खाली घेण्याआधीच सामान आणता येईल.